ओटीपी दुसऱ्याच्याच मोबाइलवर जातोय? फॉर्म भरायच्या आधी हे तपासा

योजना बदलत राहतात, सेतूतला संवाद तोच राहतो.

"काका, ओटीपी आला का?"
"कोणच्या नंबरवर?"
"आधारले जो हाय त्याच्यावर."
"तो तं भाच्याचा हाय बाप्पा. अन् भाचा पुन्याले."

मग भाच्याला फोन लागतो. तो कंपनीत, मोबाइल लॉकरमध्ये. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो, भाचा जेवणाच्या सुट्टीत फोन पाहतो. पुन्हा ओटीपी पाठवा, पुन्हा फोन लावा. तोवर साइट बसते आणि गावाकडची शेवटची एसटीही निघून जाते.

पीएम किसानचं ई-केवायसी असो, फार्मर आयडी असो, की २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस द्यायला लागणारी 'कपास किसान' ॲपवरची नोंदणी असो, गाडी मोबाइल नंबरापाशीच अडते. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला तर बाईचा ओटीपी वेगळा आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा वेगळा. दारव्ह्याची मुलगी घाटंजीला दिलेली, तिच्या आधारला माहेरच्या भावाचा नंबर, नवऱ्याच्या आधारला बंद पडलेलं सिम. अशा घराचा फॉर्म कोणी कितीही हुशार असला तरी भरू शकत नाही.

लोक याला फॉर्मचा त्रास समजतात. मला तो चोरीचा रस्ता वाटतो, आणि का ते सांगतो. "ओटीपी कोणालाही सांगू नका" असं बँक सांगते, पोलीस सांगतात, मध्यंतरी फोन लावला की रिंगच्या आधी तीच टेप वाजायची. पण आपल्याकडं ओटीपी फोनवर सांगितल्याशिवाय सरकारी काम होतच नाही. भाचा काकाला सांगतो, काका सेतूवाल्याला सांगतो, भाऊ बहिणीला सांगतो. सहा आकडे मोठ्यानं वाचून दाखवायची सवय साऱ्या गावाला लागली आहे. उद्या कोणी "तालुक्याच्या कृषी ऑफिसातून बोलतोय, तुमचा हप्ता अडकला, आलेला नंबर सांगा" म्हटलं, की आपण नेहमीसारखे सांगून मोकळे. ठगाला काही नवं शिकवावं लागत नाही. म्हणून आधी नंबर दुरुस्त करा, बाकी सुरक्षा त्याच्यानंतर.

आधी हे पक्कं करा की अडलंय कुठं

"आधार लिंक आहे" या एका वाक्यात गावात चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

पहिली, सिम कार्ड कोणाच्या नावावर आहे. दुसरी, आधारच्या नोंदीत कोणता मोबाइल नंबर आहे. तिसरी, बँकेच्या खात्याला कोणता नंबर आहे. चौथी, सरकारी योजनेचे पैसे आधारवरून कोणत्या बँकेत जातात. या चारही नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. आधार केंद्रात नंबर बदलून आलेला माणूस बँकेचा मेसेज जुन्याच नंबरवर गेला म्हणून केंद्रवाल्याशी भांडतो, त्याचं कारण हेच. बँकेतला नंबर बँकेतच अर्ज देऊन बदलावा लागतो.

चौथ्या गोष्टीनं तर फार घोळ होतो. माणसाची दोन-तीन खाती असतात: एक सोसायटीच्या कर्जासाठी जिल्हा बँकेत, एक जनधनचं, एक पोस्टाचं. थेट लाभाचे पैसे ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी जोडलं गेलं तिथं जातात. फॉर्मवर तुम्ही कोणतं खातं लिहिलं याला फारसा अर्थ नसतो. "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्यांचे पैसे बरेचदा अशाच एखाद्या विसरलेल्या खात्यात पडलेले सापडतात. आधारच्या 'मायआधार' या सरकारी साइटवर लॉगिन केलं की बँक जोडणीची स्थिती दिसते. पण लॉगिनला ओटीपी लागतो, म्हणजे फिरून आपण पहिल्याच गाठीपाशी.

तीन आकडे पाहा

आधारला कोणता नंबर आहे हे ओटीपीशिवायही कळतं, आणि ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे. मायआधार डॉट यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर आधारची वैधता तपासायची एक जागा आहे. तिथं बारा आकडी नंबर आणि समोरच्या चित्रातली अक्षरं टाकली, की वयाचा गट, स्त्री की पुरुष, राज्य आणि मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. साइटचा पत्ता हातानंच टाका. शोधून वर येणाऱ्या पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटी तिथंच बसलेल्या असतात.

तीन आकडे तुमच्या खिशातल्या मोबाइलचे असतील तर आधारची नोंद ठीक आहे, अडचण दुसरीकडं शोधा. मोबाइलची जागा रिकामी असेल तर नंबर कधी जोडलाच गेला नाही. आकडे अनोळखी असतील तर मात्र घरात बसून एकदा आठवा, तो कोणाचा.

आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. पुढं गावोगाव शिबिरं लागली तेव्हा मोबाइल नंबर सक्तीचा नव्हता. घरात एकच मोबाइल असायचा, तोही पोट्ट्याच्या हातात. कोणी शेजाऱ्याचा दिला, कोणी रोजगार सेवकाचा, कुठं मशीनवाल्यानं रकाना भरायचा म्हणून सुचेल तो टाकला. एकाच मोबाइलवर कितीही आधार जोडायला नियमाची आडकाठी नाही, त्यामुळं सासू, सासरे, सून, नातू सगळे एकाच नंबरवर असलेली घरं पुष्कळ सापडतात. सख्ख्या घरातल्या घरात हे चालून जातं. सेतूवाल्याचा नंबर मात्र एक दिवसही ठेवू नका. तो माणूस चांगला असेल, आपलाच असेल, पण त्याच्या एका मोबाइलवर अर्ध्या गावाचे ओटीपी येतात. तो मोबाइल हरवला किंवा त्याच्यात काही घुसलं तर?

तिसरा प्रकार बंद पडलेल्या सिमचा. रिचार्ज महाग झाल्यापासून दुसरं सिम लोक तसंच सोडून देतात. प्रीपेड नंबरावर ९० दिवस कॉल, मेसेज, इंटरनेट काहीच झालं नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर २० रुपये कापून महिनाभर मुदत वाढते. बंद झालेला नंबर आणखी किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही. नंतर तो रीतसर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतो. म्हणजे तुमच्या आधारचा, जुन्या बँक खात्याचा ओटीपी आता अकोल्याच्या नाहीतर अलाहाबादच्या कोणा माणसाला जातो, आणि त्याला बिचाऱ्याला कळतही नाही की हे आकडे कशाचे. कळणारा भेटला तर मात्र तुमचं काम अवघड आहे. म्हणून सिम सोडायचं असेल तर आधी आधार, बँक आणि व्हॉट्सॲप नव्या नंबरावर न्या, मग सोडा.

नंबर बदलायला काय लागतं

फार काही लागत नाही. केंद्रात बदलायचा तर स्वतः जावं लागतं, आधार कार्ड आणि नवा मोबाइल सोबत ठेवावा लागतो. फक्त मोबाइल नंबर बदलायला कोणताही वेगळा कागद लागत नाही. रेशनकार्ड, सात-बारा, फोटो मागणाऱ्याला तसं सांगा. शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. पावती मागा. आधी विचारून घ्या की त्या ठिकाणी आधारचं मशीन आहे का, कारण प्रत्येक सेतूत ते नसतं. तालुक्याचं आधार केंद्र, काही बँकांच्या शाखा आणि पोस्ट ऑफिस इथं असतं. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत जिथं तालुका म्हणजे एक दिवसाची मजुरी, तिथं पोस्टमनला विचारा. पोस्ट पेमेंट बँकेमार्फत मोबाइल नंबर जोडायचं काम पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक २०२१ पासून दारात येऊन करतात. सगळ्यांकडं मशीन चालू असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मशीनपाशी बसलात की एक काम कराच. ऑपरेटरनं नंबर टाकला की स्क्रीन तुमच्याकडं वळवायला सांगा आणि दहाही आकडे एकेक करून वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला सोबत न्या. सहाच्या जागी नऊ पडला की पुन्हा ७५ रुपये आणि पुन्हा फेरी.

ठसे लागत नाहीत ही आपल्याकडची खास अडचण. कापूस वेचून, निंदण करून, विटा उचलून बोटांच्या रेषा उरतच नाहीत. हात धुवा, थोडं तेल किंवा मलम चोळून कोरडे पुसा, दुसरं बोट लावून पाहा. तरी नाही झालं तर "डोळ्यानं घ्या" म्हणा. केंद्रावर बुबुळाचं यंत्र असतं. ठसा लागत नाही म्हणून माणसाला परत पाठवणं चूक आहे. कोणी पाठवलंच तर आधारच्या १९४७ या नंबरवर मराठीतून तक्रार करता येते.

बदल व्हायला काही दिवस लागतात, कधी महिनाही. पावतीवरच्या क्रमांकानं स्थिती पाहता येते. झाला असं वाटलं की पुन्हा ते शेवटचे तीन आकडे पाहा. या काळात "आधारचा नंबर घरबसल्या बदलून देतो, फक्त एक लिंक उघडा" असा फोन आला तर ठेवून द्या.

नंबर हातात आल्यावर

आता मायआधारवर स्वतःच्या ओटीपीनं लॉगिन करा आणि सगळ्यात आधी आधार कुठं कुठं वापरलं गेलं याची यादी उघडा. मागच्या सहा महिन्यांतल्या पन्नासपर्यंत नोंदी तिथं दिसतात. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, कशानं ओळख पटवली (ठसा, ओटीपी की चेहरा), कोणत्या संस्थेनं विचारलं, आणि काम झालं की फसलं. ही यादी एकट्यानं पाहू नका, ज्याचं आधार त्याला शेजारी बसवा. रेशन दुकानाचा ठसा महिन्यातून एकदा असेल, बँक मित्राकडं (गावात बँकेचं मशीन चालवणाऱ्याकडं) पैसे काढल्याचा असेल, सिम घेतल्याचा असेल. "या तारखेला तं मी वावरात होतो" असं बुवानं म्हटलं आणि त्या ओळीत एखाद्या बँकेचं नाव व ठशाची नोंद असली, तर तिथं थांबा आणि खोलात जा.

कारण ठशावर पैसे निघायला ओटीपी लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. सोय म्हणून हे फार चांगलं आहे, बुढ्या बाईला गावातच पैसे मिळतात. चोरीही तिथंच होते, आणि ती बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होते: "ठसा लागला नाही, पुन्हा द्या." पहिला ठसा लागलेला असतो, पैसे निघालेले असतात, दुसरा ठसा हातात नोटा ठेवायला. कधी ठसा खरंच फसतो, सगळ्यांवर संशय नको. पण दुसऱ्यांदा बोट ठेवायच्या आधी पहिल्याची पावती मागायची, अगदी "फेल" लिहिलेली सुद्धा. मशीनमधून ती निघते. बँकेच्या खात्याला तुमचा मोबाइल असेल तर पैसे कापल्याचा मेसेज लगेच येतो, आणि तो वाचायला चष्मा घरी विसरू नका.

यावर उपाय म्हणून सगळे सांगतात, बायोमेट्रिक लॉक करा. मायआधारवर किंवा आधारच्या सरकारी ॲपमध्ये ते होतं, आणि लॉक केल्यावर ठसा, डोळा, चेहरा कशानंही ओळख पटत नाही. शहरातल्या माणसाला हे सांगून मोकळं होता येतं. गावात जरा थांबा. घरातल्या म्हाताऱ्याचं लॉक केलं आणि त्याला सांगितलं नाही, तर रेशन दुकानात मशीन त्याला नाकारतं आणि दुकानदार म्हणतो तुमचं आधारच बंद झालं. माझं मत असं की ज्याच्या खात्यात खरी रक्कम असते, पीक कर्ज किंवा कापसाचे पैसे येतात, त्याचं लॉक ठेवावं आणि रेशनला कार्डावरच्या दुसऱ्या कोणाचं बोट न्यावं. निराधारचे पैसे ठशावरच काढणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बाईचं लॉक करून तिला अडचणीत टाकू नका. तिच्या बाबतीत पावती मागायची सवय जास्त कामाची. लॉक थोड्या वेळापुरतं उघडता येतं, पण त्याला ओटीपी लागतो. आणि तो आता तुमच्याच मोबाइलवर येतो.

झेरॉक्सबद्दल थोडक्यात. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असं आधार डाउनलोड करता येतं, जिथं चालतं तिथं तेच द्या. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि कोणत्या तारखेला. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली प्रत टेबलाखालच्या खोक्यात जाते, ती आपली आपण उचलून आणायची.

तुमच्या नावावर किती सिम?

बाजाराच्या दिवशी छत्रीखाली सिम विकणाऱ्याकडं "ठसा नाही लागला" हेच वाक्य पुन्हा भेटतं, आणि दुसऱ्या ठशावर दुसरं सिम चालू होऊ शकतं. ते कोणाच्या हातात गेलं ते तुम्हाला कळत नाही, पण पोलीस आले तर ते तुमच्या दारात येतात. संचार साथी या सरकारी साइटवर मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला, की तुमच्या नावावर चालू असलेले सगळे नंबर दिसतात. ओळखीचा नसेल त्याच्यापुढं 'नॉट माय नंबर' निवडा. आपल्या राज्यात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, तेवढे कोणालाच लागत नाहीत.

आणि ती फाइल

हल्लीचा सगळ्यात मोठा घोटाळा गावाच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरून येतो. 'पीएम किसान', 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलान' अशा नावाची फाइल, शेवटी एपीके (म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल), आणि पाठवणारा नंबर आपल्याच सोयऱ्याचा. त्याचंही व्हॉट्सॲप आधीच ठगाच्या हाती गेलेलं असतं. पत्रिका कधी एपीके नसते. फोटो असतो नाहीतर पीडीएफ. ही फाइल बसवली की तिला मेसेज वाचायची परवानगी मिळते, आणि मग ओटीपी तुम्ही कोणाला सांगितला नाही तरी पलीकडं पोहोचतो. नंबर दुरुस्त करून केलेली सगळी मेहनत यात वाया जाते.

बसवली गेलीच असेल तर आधी त्या मोबाइलचं इंटरनेट बंद, फ्लाइट मोड. बँकेला आणि १९३० ला (सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला) फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून. मग ते ॲप काढा. आयकॉन दिसत नसेल तर सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत शोधा, आणि निघतच नसेल तर फोटो वाचवून मोबाइल पूर्ण रिकामा करा. त्यानंतर ##००२# डायल करा, म्हणजे कोणी तुमचे कॉल दुसरीकडं वळवले असतील तर ते सुटतील. यूपीआयचा पिन मोबाइल साफ झाल्यावरच बदला, आधी बदललात तर नवा पिनही त्यांनाच मिळेल.

व्हॉट्सॲप ठगाच्या हाती गेलं असेल तर आपल्याच नंबरनं पुन्हा सुरू करा, सहा आकडी कोड तुमच्या सिमवर येतो आणि समोरचा आपोआप बाहेर पडतो. त्यानं आत आपला पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. तोवर ग्रुपवर दुसऱ्याकडून लिहवून घ्या की माझ्या नंबरवरून येणारं काही उघडू नका. परत मिळालं की सेटिंगमध्ये टू-स्टेप पिन लावा आणि जोडलेली उपकरणं पाहून अनोळखी काढा.

पैसे गेलेच असतील तर

१९३० वर लगेच. बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ जवळ ठेवा, पासबुक शोधण्यात वेळ जाऊ देऊ नका. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ठशानं पैसे गेले असतील तर त्याच अर्जात आधारवरून पैसे काढायची सोय माझ्या खात्यावर बंद करा असंही लिहा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजून दोन दिवस घरात बसू नका. साहेब "सोमवारी या" म्हणाले तरी अर्जावर आजचीच पोच मागा.

एक प्रश्न हमखास येतो: वडील वारले, सिम त्यांच्या नावावर, वापरतो मुलगा, आणि आईच्या आधारला तोच नंबर. चालतंय तोवर कोणी हात लावत नाही. पण ते सिम हरवलं तर दुसरं काढायला ज्याच्या नावावर ते आहे तो माणूस लागतो. कंपनीच्या तालुक्यातल्या अधिकृत दुकानात मृत्यूचा दाखला आणि वारसांचं संमतिपत्र देऊन सिम मुलाच्या नाहीतर आईच्या नावावर करून घ्या, तोवर त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. आईच्या हातात स्वतःचा साधा बटणाचा फोन असेल तर त्याहून सोपं: तोच नंबर तिच्या आधारला जोडा. ओटीपी यायला स्मार्टफोन लागत नाही, आणि त्या फोनात एपीके बसत नाही.